जुन्या लेन्सचं ॲपर्चर अडकलं, सुस्तावलं, तेलकट झालं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीचा, गावभागातला. वडलांचा फोटो स्टुडिओ होता त्यामुळं रोलच्या जमान्यातल्या लेन्स घरात पडूनच होत्या, आणि एकेक करून त्या उघडता उघडता हा नाद लागला. आता ओळखीतले लोक लेन्स घेऊन येतात, फोन करतात, आणि दहातल्या आठ जणांचा प्रश्न ॲपर्चरचाच (लेन्समधलं उजेड आत सोडणारं, लहानमोठं होणारं भोक) असतोय. तेच तेच परत सांगण्यापेक्षा एका जागी लिहून ठेवतोय. लेन्स उघडायच्या आधी सगळं वाचा, निदान तेलाचा भाग तरी वाचाच.

ॲपर्चरच्या पाकळ्या म्हणजे काय, आणि त्यात बिघडण्यासारखं असतं काय?

लेन्सच्या मधोमध, काचांच्या दोन गटांच्या मधे काळ्या पातळ पत्र्याच्या पाकळ्या असतात. कुठं पाच, कुठं सहा, हेलिओस ४४-२ या जुन्या सोव्हिएत लेन्समधे आठ, तिकडच्याच ज्युपिटर-९ मधे तर पंधरा. प्रत्येक पाकळीला दोन टोकांना दोन बारीक खिळे असतात, एक खालच्या बाजूला आणि एक वरच्या. खालचा खिळा स्थिर तबकडीच्या भोकात बसतो, वरचा फिरणाऱ्या रिंगच्या खाचेत. रिंग फिरली की सगळ्या पाकळ्या एकदम आत सरकतात आणि मधलं भोक लहान होतं. एवढंच मशीन आहे. बिघाड पण मग मोजकेच : पाकळ्या चिकटल्या, एखादी भोकातून निसटली किंवा वाकली, परत ओढणारी स्प्रिंग सुटली, रिंगखालचा छर्रा हरवला, नाहीतर गंज लागला. आणि माझ्या हातात आलेल्या लेन्सपैकी निम्म्याहून जास्त नुसत्या चिकटलेल्या होत्या, मोडलेलं काहीच नव्हतं.

पाकळ्यांवर तेल दिसतंय, पण आम्ही तर कधी तेल टाकलंच नाही. आलं कुठनं?

फोकसच्या रिंगमधनं आलं. फोकसची रिंग फिरते ती जाड आट्यांवर, आणि त्या आट्यांत ग्रीस भरलेलं असतंय. ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा साबणासारखा घट्ट पदार्थ यांचं मिश्रण. वीस तीस वर्षं झाली की ते फुटतं, दुधातनं पाणी सुटावं तसं तेल वेगळं होतं आणि पसरत पसरत पाकळ्यांपर्यंत जातं. उष्णतेनं हे लवकर होतं. आपल्याकडं एप्रिलमधे पारा चाळिशीला टेकतो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर त्याहून कितीतरी जास्त, तिथं बॅग ठेवून तासगाव वेशीतल्या लग्नाला गेला की ग्रीस पातळ झालंच म्हणून समजा. कपाट जर पश्चिमेच्या भिंतीला असेल तर तिथंसुद्धा.

काही लेन्सचं तर हे दुखणं नावाजलेलं आहे. निकॉनची ५५ मिमी एफ २.८ मायक्रो (अगदी जवळून फोटो काढायची लेन्स), मिनोल्टाची ५० मिमी एफ १.७, या सेकंडहँड घेताना सगळ्यात आधी पाकळ्यांवर टॉर्च मारायचा. पाकळ्या मॅट काळ्या दिसल्या तर बरं, त्यांच्यावर ओलसर चकाकी किंवा इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर तेल.

मग थोडं शिलाई मशीनचं तेल टाकून मोकळं करू का?

नका करू. हात जोडून सांगतो, नका करू.

आपल्याकडं काही अडकलं की तेल, ही सवय हाडात आहे. दाराची बिजागरी, सायकलची चेन, रहाटाचा आस, सगळीकडं ते बरोबरच आहे कारण तिथं जड लोखंड लोखंडावर घासतं. इथं उलटं आहे. पाकळ्या वहीच्या कागदासारख्या पातळ, त्यांना वजन नाही, त्या एकमेकींवर सपाट पडून सरकतात. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून बघा, सुटतात का? तसंच होतं. ॲपर्चरच्या पाकळ्या कारखान्यातनंच कोरड्या येतात आणि जन्मभर कोरड्याच राहायला पाहिजेत. या सगळ्या पानावरची एक ओळ लक्षात ठेवायची असेल तर हीच ठेवा.

वडलांची एक १३५ मिमी होती, ती मी लहान असताना एका दुकानात दुरुस्तीला दिली होती. परत आली तेव्हा ॲपर्चर लोण्यासारखं चालत होतं, आम्ही खूश. चार महिन्यांत पाकळ्या परत चिकटल्या, आणि आतल्या काचेवर धुक्यासारखा थर चढला, कारण त्या माणसानं तेल सोडलं होतं आणि तेलाची वाफ काचेवर बसली होती. मला कळायला लागल्यावर ती उघडली तर मागच्या काचेचं कोटिंग कडेनं गेलेलं. काच आजही तशीच आहे, त्याचं फार वाईट वाटतं, कारण वडलांनी त्या लेन्सनं अर्ध्या गावाचे फोटो काढले होते. डब्ल्यूडी-४० फवारणं हा तर याच्याही पुढचा प्रकार, ते सगळीकडंच पसरतं.

माझी लेन्स खरंच बिघडलीय की मला वापरता येईना झालीय?

प्रश्न एकदम बरोबर आहे, कारण चांगल्या लेन्स लोक उगाच उघडतात. आधी हे तपासा.

कॅननची एफडी लेन्स कॅमेऱ्याबाहेर हातात धरून रिंग फिरवली तर पाकळ्या हलत नाहीत. ती तशीच असते, मागचं लॉक कॅमेऱ्यावर किंवा ॲडॅप्टरवर (दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला लेन्स बसवायची कडी) बसल्यावरच सुटतं. तिची रिंग हिरव्या ‘ए’ वर अडकली असेल तर बाजूला बारीक बटण आहे, ते दाबून फिरवा, जोर लावू नका.

निकॉनच्या डी लेन्सची रिंग नारिंगी आकड्यावर अडकली तर तिथंही एक छोटं सरकतं लॉक असतंय. डिजिटल निकॉनवर स्क्रीनला ‘एफईई’ असं आलं तर ते रिंग सगळ्यात मोठ्या आकड्यावर नाही म्हणून, बिघाड नाही.

निकॉनच्या जी लेन्सला रिंगच नाही, आणि बाहेर काढल्यावर तिच्या पाकळ्या मिटलेल्याच असतात. साध्या ॲडॅप्टरवर लावली की सगळं काळं दिसतं आणि लोक घाबरतात. कॅननच्या ईएफ लेन्सचं उलटं, त्यांचं ॲपर्चर विजेवर चालतं, साध्या ॲडॅप्टरवर ती कायम पूर्ण उघडीच.

एम४२ (आट्यांनी फिरवून बसवायच्या जुन्या) लेन्समधल्या हेलिओस ४४एम सारखीला मागं एक पिन आणि बाजूला ‘ए-एम’ असा खटका असतो. ‘ए’ वर असेल तर पिन दाबल्याशिवाय पाकळ्या मिटणार नाहीत. खटका ‘एम’ वर घ्या, मग बघा. आणि ४४-२ ला दोन रिंगा असतात, एक आकडा ठरवायची आणि दुसरी प्रत्यक्ष उघडझाप करायची, एकच फिरवून बघितली तर वाटतं बिघडलीय.

हे सगळं बघितलं. आता सुस्ती आहे का हे कसं तपासू?

लेन्स हातात घ्या, रिंग १६ वर करा (आकडा जितका मोठा तितकं भोक लहान), मागचा दांडा किंवा पिन नखानं दाबा आणि सोडा. पाकळ्या टप्पकन जागेवर गेल्या पाहिजेत, डोळ्याला मधली हालचाल दिसलीच नाही पाहिजे. आळसावल्यासारख्या सरकत गेल्या तर सुस्ती. मोबाईलच्या स्लो मोशनमधे शूट केलं तर अजून स्पष्ट दिसतं. हिवाळ्यात सकाळी सकाळी पण एकदा बघा, थंडीत तेल घट्ट होतं, दुपारी ठीक आणि सकाळी सुस्त म्हणजे नक्की तेलच.

दुसरी परीक्षा फोटोंची. ट्रायपॉडवर, सावलीतली एकसारखी भिंत, आयएसओ कायम. एफ २.८ ला १/१०००, ४ ला १/५००, ५.६ ला १/२५०, ८ ला १/१२५, ११ ला १/६०, १६ ला १/३०. सगळ्या फोटोंचा मधला भाग सारखाच उजळ यायला पाहिजे (कोपरे बघू नका, ते उघड्या ॲपर्चरला थोडे काळवंडतातच). मोठ्या आकड्यांना फोटो जास्त पांढरे यायला लागले म्हणजे शटर उघडेपर्यंत पाकळ्या पोचतच नाहीयेत. मग १६ वरच लागोपाठ पाच काढा, पाचही फोटोंचा उजेड वेगवेगळा आला तर शंकाच नको.

एक जण सप्टेंबरात कासला जाऊन आला, मायक्रो लेन्स घेऊन, फुलं एफ १६ वर काढली, सगळे फोटो पांढरे पडलेले. तो कॅमेऱ्याच्या मीटरला दोष देत होता. मोठ्या आकड्यांनाच गडबड का होते तर हिशोब साधा आहे, ५० मिमी लेन्सचं भोक समोरून बघताना एफ २ ला २५ मिमी दिसतं आणि एफ १६ ला जेमतेम ३ मिमी. अर्धा मिमी चुकला तर २५ मधे काय कळणार, पण ३ मधे उजेड तिसऱ्या हिश्श्यानं वाढतो.

मी मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) ॲडॅप्टरनं वापरतो, पाकळ्या तेलकट आहेत पण चालतंय. उघडायलाच पाहिजे का?

लगेच नाही. तुमचं ॲपर्चर फोटोच्या आधीच मिटलेलं असतं, वेगाचा प्रश्नच नाही. पण दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. काचेवर धुक्यासारखा थर चढतोय का, आणि रिंग जड व्हायला लागलीय का. जड झाल्यावर जोर लावून फिरवली तर चिकटलेली पाकळी वाकते नाहीतर भोकातनं उसळून बाहेर येते, आणि अर्ध्या तासाचं काम तीन संध्याकाळींचं होतं.

कशानं साफ करायचं? पेट्रोल चालेल का?

पेट्रोल नको, त्यात इतर बरंच काही असतं, ते उडून गेल्यावर डाग मागं राहतो. रॉकेल तर स्वतःच तेलकट. थिनर आणि ॲसिटोन रंग, आकडे, प्लॅस्टिक सगळं खातं.

लायटरमधे भरायचं फ्लुइड, म्हणजे नॅफ्था, हे सगळ्यात चांगलं. तेल विरघळवतं, उडून जातं, मागं काही ठेवत नाही. ते नाही मिळालं तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, ते मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडं असतंच, आयपीए म्हटलं की देतात. ग्रीसवर ते नॅफ्थाइतकं चालत नाही, पण शेवटच्या हाताला छान. मेडिकलमधलं ७० टक्केवालं घेऊ नका, उरलेलं पाणी असतं आणि पाकळ्या पोलादाच्या आहेत.

दोन्ही भडकतात. स्वयंपाकघरात नको, देवघरात समई लागली असेल त्या खोलीत नको, उदबत्ती पण नको, खिडकी उघडी ठेवा.

न उघडता होत नाही का?

अर्धवट होतं. पुढचा काचेचा गट काढला की बऱ्याच लेन्समधे पाकळ्या समोर दिसतात, आणि तेवढा गट बहुतेक ५० मिमी लेन्समधे एकत्रच निघतो. मग पाकळ्या पूर्ण मिटवायच्या, इअरबडला नॅफ्था लावून हलक्या हातानं फिरवायचा (चिंब नको, थेंब मागच्या काचेवर पडला तर ती पण काढावी लागते), रिंग वीसेक वेळा उघडझाप करायची, कोरड्या बडनं टिपायचं. बड पिवळट होऊन येईल. असं पाच सहा वेळा, बड स्वच्छ येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी बघा. खिळ्यांच्या भोकात दडलेलं तेल रातोरात परत पाकळ्यांवर येतं, मग परत पुसा. तीन चार दिवस असं केल्यावर बऱ्याच लेन्स दोन तीन वर्षं चालतात. कायमचं पाहिजे तर पाकळ्या बाहेर काढून धुणं आणि फोकसचं जुनं ग्रीस पण बदलणं, दुसरा रस्ता नाही.

उघडायची तर हत्यारं काय लागतात?

जपानी लेन्सला जपानी मापाचा चौफुली पेचकस, जेआयएस म्हणतात. साधा फिलिप्स घातला की तो डोक्यातनं वर सरकतो, स्क्रूचं डोकं खराब होतं आणि मग पेचकस नुसताच फिरत राहतो. खाचांच्या रिंगा काढायला दोन टोकांचा स्पॅनर, नावाची रिंग फिरवायला रबराचा कप (औषधाच्या मोठ्या बाटलीचं रबरी बूच घासून पण चालतं), टोकदार चिमटा, हवेचा फुगा, भिंग, आणि कडा असलेला पांढरा ट्रे. ट्रेमधे जुना टॉवेल टाका, स्क्रू उडाला तर टप्पा खाऊन लांब जात नाही.

स्क्रू हलतच नसेल तर त्याला लाखेसारखं काहीतरी लावून पक्का केलेला असतो. तिथं मात्र ॲसिटोनचा एक थेंब सुईच्या टोकानं सोडा, दहा मिनिटं थांबा. जोर म्हणजे हरणं आहे इथं.

आणि खुणा. कुठलाही भाग सोडवायच्या आधी दोन्ही भागांवरनं जाणारी एक रेघ सुईनं ओढा. मार्करनं नको, नॅफ्था लागला की मार्कर पुसला जातो, मग खूण पण गेली आणि तुम्ही पण गेलात. पुढचा गट काढताना किती फेरे लागले ते मोजा. फोकसचे आटे शक्यतो सोडवूच नका, त्यांना बरीच सुरुवातीची तोंडं असतात, चुकीच्या तोंडातनं बसवलं तर सगळं बसल्यासारखं वाटतं पण लांबचा डोंगर कधी शार्प येत नाही. प्रत्येक पायरीला मोबाईलनं फोटो काढा, स्क्रू ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं ठेवा.

सगळ्या पाकळ्या सुटून हातात आल्या. आता?

घाबरू नका, हे सगळ्यांचं होतं. माझी पहिली ४४-२ उघडली तेव्हा वरची रिंग उचलली आणि आठच्या आठ पाकळ्या ट्रेमधे पडल्या, फोटो काढलेला नव्हता. तीन संध्याकाळी गेल्या. आमच्याकडं हरभट रोडच्या बाजूला एक म्हातारे घड्याळजी होते, त्यांच्याकडं गेलो, त्यांनी लेन्सला हात पण लावला नाही, फक्त माझा चिमटा बघितला आणि म्हणाले, "बाळ, तू दाबतोयस. धरायचं असतंय, दाबायचं नसतंय." तेव्हापासनं हात बदलला.

आता पद्धत सांगतो. स्टीलच्या वाटीत नॅफ्था घेऊन पाकळ्या बुडवा. एकेक चिमट्यानं काढून स्वच्छ फरशीच्या तुकड्यावर ठेवा, चष्म्याच्या फडक्यानं खिळ्याकडनं मोकळ्या बाजूला एकाच दिशेनं पुसा. खिळे नुसते ठोकून बसवलेले असतात, त्यांच्यावर आडवा जोर आला तर निघतात आणि ती पाकळी संपली. पुसल्यावर उजेडात तिरपी धरा, चकाकी दिसली तर परत वाटीत. बोटं लावू नका, बोटांना पण तेल असतं, आणि ठसा राहिला तर पुढं जाऊन तिथंच गंज धरतो. खालच्या तबकडीची भोकं आणि वरच्या रिंगच्या खाचा पण तशाच धुवा, लोक पाकळ्या चकचकीत करतात आणि भोकात तेल तसंच ठेवतात.

बसवताना पाकळ्या उघड्या स्थितीत, म्हणजे कडेला टेकलेल्या बसवायच्या. पहिलीचा खालचा खिळा भोकात. दुसरी तिच्यावर थोडी चढलेली, तिसरी दुसरीवर, एकाच दिशेनं, देवळापुढच्या पत्रावळ्या लावताना एकीवर एक येते तशी. सहा सातपर्यंत सोपं जातं. शेवटच्या दोन अवघड, कारण शेवटची पाकळी सातवीवर चढली पाहिजे आणि त्याचवेळी पहिलीच्या खाली गेली पाहिजे, नाहीतर गोल पूर्ण होत नाही. त्यासाठी पहिलीचं मोकळं टोक चिमट्यानं केसभर उचलायचं, शेवटची तिच्या पोटाखाली सरकवायची, खिळा भोकात पडला की बारीकसं ‘टिक’ जाणवतं, ऐकू येत नाही, बोटाला कळतं. इथं पंखा बंद पाहिजे. श्वास पण बाजूला सोडा, खरंच सांगतो, माझ्या पाकळ्या एकदा शिंकेनं गेल्यात.

मग वरची खाचांची रिंग सरळ खाली ठेवायची आणि सुईनं एकेक खिळा आपापल्या खाचेत पडलाय का बघायचं. सगळे पडले की रिंग आपोआप केसभर खाली बसते. ती बसली नसेल तर फिरवायचीच नाही. बसल्यावर अगदी हळू फिरवा, कुठं अडलं की मागं या. पहिल्यांदा पूर्ण मिटून स्वच्छ अष्टकोन दिसला ना, की तीन संध्याकाळींचं सगळं वसूल होतं.

पाकळ्यांना ग्रॅफाइटची पावडर लावावी का?

काही जुने कारागीर लावतात, अगदी नखावर मावेल एवढी, आणि घासून परत पुसून टाकतात. मी लावत नाही. पाकळ्या खरंच स्वच्छ असतील तर गरज पडत नाही, आणि जास्त झाली तर ती पावडर काचेवर उतरते.

रिंग फिरवताना टकटक लागायचं बंद झालं.

रिंगखाली एक छर्रा असतो, मोहरीपेक्षा लहान, तो स्प्रिंगनं किंवा पातळ पट्टीनं वर दाबलेला असतो आणि रिंगच्या आतल्या खाचांत पडतो म्हणून टकटक लागतं. कुणीतरी आधी उघडली असेल आणि तो उडाला असेल, किंवा ग्रीसमधे रुतून बसला असेल. मागची रिंग काढायची वेळ आली तर लेन्स आणि दोन्ही हात मोठ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काढा, छर्रा उडाला तरी पिशवीत राहतो. फरशीवर पडला तर चुंबक फिरवा. बसवताना छर्ऱ्याच्या खळग्यात ग्रीसचा कण ठेवला की तो चिकटून राहतो. हो, इथं ग्रीस चालतं, टाचणीच्या टोकाएवढं, कारण ही जागा पाकळ्यांपासनं लांब आहे.

भोक एका बाजूला कलल्यासारखं दिसतंय.

एक पाकळी खिळ्यावरनं निसटलीय किंवा वाकलीय. लेन्स वापरणं आणि रिंग फिरवणं दोन्ही लगेच थांबवा, नाहीतर ती बाकीच्यांना पण घेऊन जाते. वाकलेली पाकळी दोन काचेच्या पट्ट्यांमधे दाबून सरळ होते, पण घडी पडली असेल तर ती रेघ कायमची राहते आणि शेजारणीला घासते.

पाकळ्या मिटतात पण परत उघडत नाहीत, तेल तर दिसत नाही.

स्प्रिंग बघा. केसाएवढ्या तारेची असते, बऱ्याचदा फक्त आकड्यावरनं सुटलेली असते. चिमट्यानं परत अडकवा. ढिली वाटते म्हणून ताणू नका, ताणलेली स्प्रिंग परत येत नाही.

पुरात भिजलेली लेन्स वाचते का?

२०१९ च्या ऑगस्टमधे आमच्याकडं काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको. मामांच्या स्टुडिओत पाणी शिरलं, कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या लेन्स आठवडाभर गाळात. पाणी ओसरल्यावर आम्ही घर साफ करण्यात गुंतलो, लेन्स आठ दहा दिवसांनी हातात घेतल्या. पुराच्या पाण्यातला गाळ पिठासारखा बारीक असतो, तो वाळला की पाकळ्यांमधे सिमेंट. तीनपैकी एकीच्या पाकळ्या काढल्या तर तपकिरी भुगा झाला, गंजानं आरपार भोकं. दुसरीच्या सुट्या झाल्या पण काळा थर पोपडे होऊन निघाला, ती आता पूर्ण उघड्या ॲपर्चरलाच वापरतो. तिसरीची फक्त काच वाचली.

तेव्हा चुकलं ते हे, आम्ही त्या उन्हात वाळत घातल्या. कधी वेळ आलीच, देव करो न येवो, तर वाळू द्यायचं नाही. मॅन्युअल लेन्स असेल तर ओली असतानाच उघडायची, डिस्टिल्ड वॉटरनं गाळ धुवायचा, मग आयपीएत बुडवायची म्हणजे पाणी निघून जातं, मग वाळवायची. गंज धरलेली पाकळी पॉलिश पेपरनं घासू नका, काळा थर गेला की आत उजेड परावर्तित होतो. इलेक्ट्रॉनिक लेन्स असेल तर कॅमेऱ्याला लावूनच बघू नका, करंट गेला की संपलं.

कॅननवर ‘एरर ०१’ येतंय.

कॅमेरा आणि लेन्सचं बोलणं तुटलंय असा त्याचा अर्थ. आधी मागचे सोनेरी ठिपके आयपीए लावलेल्या कापडानं पुसा, खूप वेळा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर लेन्स पूर्ण उघड्या ॲपर्चरला ठेवून फोटो काढा. तिथं फोटो येतोय आणि ८ वर केलं की एरर, म्हणजे ॲपर्चरचा गट किंवा त्याची पट्टीची वायर. २४-१०५ एफ ४ च्या जुन्या लेन्समधे ही वायर झूम करून करून आतल्या घडीवर तुटते, हे ठरलेलं दुखणं आहे, म्हणून काही झूमला चालतं आणि काहीला नाही. हे घरी करू नका, अर्धी लेन्स काढून बारीक सोल्डरिंग आहे आणि परत जुळवणी लागते. जाणत्या माणसाकडं द्या. १८-५५ ची किट लेन्स असेल तर दुरुस्तीच्या पैशात सेकंडहँड दुसरी येते.

आजोबांच्या यशिका मॅटच्या खालच्या लेन्समधे पाकळ्या कायम मिटलेल्या आहेत, ॲपर्चर अडकलंय ना?

नाही, ते शटर आहे. दोन लेन्सवाल्या कॅमेऱ्यात शटर लेन्सच्या आतच असतं आणि फोटोच्या क्षणीच उघडतं. कॅमेरा ‘बी’ वर ठेवून बटण दाबून धरा, शटर उघडेल, मग ॲपर्चरचं चाक फिरवून बघा.

साफ केल्यावर परत तेल येऊ नये म्हणून काय करू?

गाडीत ठेवू नका, माळ्यावर पत्र्याखाली तर अजिबात नाही. महिन्यातनं एकदा सगळे आकडे दोन चार वेळा फिरवा. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असलेली बरी, दहा वीस रुपयांच्या पुड्या असतात, निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद गरम करून परत वापरता येतात. लेन्सच्या चामड्याच्या जुन्या केस मात्र फेकून द्या नाहीतर वेगळ्या ठेवा, चामडं ओल धरतं आणि बुरशी तिथनंच सुरू होते.

सुटे भाग कुठं मिळतात?

नवीन मिळत नाहीत. त्याच मॉडेलची मेलेली लेन्स शोधायची. काचेला बुरशी लागून वाया गेलेली लेन्स कुणी फुकट पण देतं, तिच्या पाकळ्या, स्प्रिंग, छर्रा, स्क्रू सगळं कामाचं असतं. मात्र मॉडेल तंतोतंत तेच पाहिजे. मी असल्या लेन्स होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत सुट्या करून, वर नाव लिहून ठेवतो. गेल्या महिन्यात वडलांच्या १३५ ला लागणारी स्प्रिंग त्यातल्याच एका बाटलीत सापडली.